कुंडीतल्या झाडांची पानं पुन्हापुन्हा करपतात? आधी खत थांबवा, मग माती बघा

नवं पान फुटतं, आठ-दहा दिवस तुकतुकीत हिरवं दिसतं आणि मग टोकाला तपकिरी पडायला लागतं. टोकाकडून ते कडेकडेनं आत सरकतं. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून पाणी वाढवतो. फरक पडत नाही. मग वाटतं झाड उपाशी आहे, म्हणून थोडं खत घालतो. आठवडाभर झाड तरारल्यासारखं दिसतं आणि पुढच्या पंधरवड्यात आणखी पानं करपतात. वर्षातून दोन-तीनदा हे ज्यांच्याकडे होतं त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे, कारण माझ्याकडच्या एका जास्वंदीचे या चक्रात दीड वर्ष हाल झाले आणि कारण कळल्यावर उपाय एका दुपारी झाला.

कुंडीत घातलेलं जातं कुठे?

जमिनीतल्या झाडाला खत जास्त झालं तर पाऊस ते खाली वाहून नेतो, आणि मुळांना बाजूला, खोल सरकायला जागा असते. कुंडीत यातलं काहीच नाही. पाणी बाष्प होऊन उडतं, झाड थोडं अन्न उचलतं आणि उरलेले क्षार तिथेच राहतात. पाण्याचं भांडं आटेपर्यंत उकळलं की तळाला पांढरा थर धरतो, तसंच कुंडीत होतं, फक्त हळूहळू, आणि त्या थरात मुळं असतात.

मुळं पाणी ओढून घेतात ती क्षारांच्या फरकावर. मुळाच्या पेशीत क्षार जास्त आणि बाहेरच्या पाण्यात कमी असतील तर पाणी आत जातं. याला परासरण म्हणतात. बाहेरच्या पाण्यातच क्षार वाढले की हा ओढा मंदावतो आणि फार वाढले तर थांबतो. म्हणून माती ओली असूनही झाड दुपारी मान टाकतं. ते बघून आपण आणखी पाणी घालतो, पण तेवढंच, जेवढं कुंडीत मुरेल आणि खालून बाहेर येणार नाही. क्षार जागचे हलत नाहीत.

करपणं टोकापासून का सुरू होतं, यालाही कारण आहे. मुळांतून निघालेलं पाणी पानाच्या टोकापर्यंत जातं आणि तिथून उडून जातं. त्याच्याबरोबर आलेले क्षार टोकाशी आणि कडेला साचत राहतात, म्हणून आधी तिथल्या पेशी मरतात.

हे खतामुळेच झालंय हे कशावरून ओळखायचं

करपलेलं प्रत्येक पान खताचं नसतं, आणि चुकीच्या निदानावर केलेला उपाय झाडाला आणखी दमवतो. म्हणून आधी पाच मिनिटं नुसतं बघा.

उन्हाचा चटका बसला असेल तर डाग पानाच्या मध्यावरही पडतात, फिकट, कागदासारखे, आणि उन्हाच्या बाजूच्या पानांवरच. मुळं कुजली असतील तर खालची पानं पिवळी आणि मऊ होतात, मातीला कुबट वास येतो, आणि मूळ बोटांत धरून हलकं ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून आत दोरा उरतो. पालाशाची (पोटॅशियमची) कमतरताही पानाच्या कडा करपवते, पण ती जुन्या पानांपासून सुरू होते आणि आधी कडा पिवळ्या पडतात. नियमित खत मिळणाऱ्या कुंडीत ती सहसा दिसत नाही. स्पायडर प्लांट आणि ड्रासिना यांचं वेगळंच दुखणं असतं. त्यांना फ्लोराइड सोसत नाही, आणि ते पाण्यातून किंवा सुपर फॉस्फेट या खतातून येऊ शकतं. ही दोन झाडं सोडून बाकी सगळी ठणठणीत असतील तर पाण्याकडे बघा.

क्षारांचा मार बसलेल्या झाडाची पानं बहुतेकदा गडद हिरवी असतात, जरा जास्तच गडद. टोकं खाली वळलेली असतात. युरिया किंवा अमोनियाच्या रूपात नत्र (नायट्रोजन) जास्त झालं तर ही वळलेली पानं मऊ आणि लुसलुशीतही वाटतात. सर्वांत बोलकी खूण मातीच्या वर असते. तिथे पांढरट-पिवळसर पापुद्रा, कुंडीच्या काठाला आणि खालच्या ताटलीत तसाच गोल, आणि मातीची कुंडी असेल तर तिच्या बाहेरच्या अंगावरही पांढरी पूड फुटलेली दिसते.

पांढरं दिसलं की लगेच खताला दोष देऊ नका. ते कापसासारखं मऊ, तंतुमय असेल तर ती बुरशी. खरखरीत असेल तर थोडं खरवडून त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बुडबुडे आले तर तो जड पाण्यातला चुना आहे. बुडबुडे न येता ते साध्या पाण्यात विरघळलं, तर ते बहुधा खताचे क्षार. बऱ्याच कुंड्यांत दोन्ही असतात.

मोजून बघा, अंदाज नको

माझ्या जास्वंदीबाबत मी दीड वर्ष अंदाज करत राहिले. शेवटी पेनासारखं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं यंत्र, हातात घेतलं आणि दहा मिनिटांत चित्र स्पष्ट झालं.

पद्धत साधी आहे. कुंडीला नेहमीसारखं पाणी घाला आणि तासभर थांबा, म्हणजे मातीतले क्षार पाण्यात उतरतात. मग कुंडी दोन विटांवर ठेवा, खाली स्वच्छ ताटली सरकवा आणि वरून थोडं साधं पाणी हळूच ओता, खालून साधारण ५० मिली बाहेर येईल इतकंच. हे जे बाहेर आलं ते मुळांजवळचं पाणी आहे, वरून ओतलेल्या पाण्यानं ढकललेलं. त्याचं टीडीएस मोजा आणि घालायच्या पाण्याचंही मोजा.

माझ्याकडे घालायचं पाणी २१० पीपीएम, म्हणजे लिटरमागे २१० मिलिग्रॅम, दाखवत होतं. खालून आलेलं पाणी ३,४०० होतं, आणि रंगानं कडक चहासारखं.

हे मीटर प्रत्यक्षात पाण्याची वीजवाहकता, म्हणजे ईसी, मोजतं आणि तिला ठरावीक आकड्यानं गुणून टीडीएस दाखवतं. काही मीटर ५०० नं गुणतात, काही ७०० नं. म्हणून दोन वेगळ्या मीटरांचे टीडीएस आकडे एकमेकांशी ताडू नका. ईसी दिसत असेल तर तोच बघा (इथले ईसीचे आकडे मिलिसिमेन्स प्रति सेंटीमीटरमध्ये आहेत). या पद्धतीनं ढकलून काढलेल्या पाण्याचा ईसी कोवळ्या रोपांना आणि फर्नसारख्या नाजूक झाडांना १ ते २ च्या आसपास असावा, बहुतेक फुलझाडांना २ ते ३.५ चालतो, आणि ४.५ च्या पुढे गेला की फक्त खादाड झाडंच तग धरतात. ५०० नं गुणणाऱ्या मीटरवर ३.५ म्हणजे १,७५०. माझे ३,४०० म्हणजे ईसी जवळजवळ ७. त्या झाडावर तोवर पानं टिकली होती हेच विशेष.

मीटर नसेल तरी चालेल. पापुद्रा, गडद पानं आणि ओल्या मातीत मान टाकणारं झाड ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर मोजल्याशिवायही पुढचा उपाय करायला हरकत नाही. साध्या पाण्यानं धुऊन निघाल्यानं निरोगी झाडाचं नुकसान होत नाही, फक्त थोडं खत वाया जातं.

आज काय करायचं: कुंडी धुऊन काढणं

सगळं खत बंद करा. द्रवरूप, दाणेदार, शेणखताचं पाणी, पेंडीचं पाणी, सगळंच. एप्सम सॉल्टसुद्धा. ते मॅग्नेशियम सल्फेट आहे, म्हणजे आणखी एक क्षार, आणि जास्त मॅग्नेशियम कॅल्शियमच्या वाटेत येतं. मी नेमकं हेच केलं होतं. टोकं करपली म्हणून एप्सम सॉल्ट घातलं आणि करपणं वाढलं.

वरचा पापुद्रा चमच्यानं अलगद काढून टाका, अर्ध्या सेंटीमीटरहून खोल जाऊ नका, कारण तिथे तंतुमुळं असतात. खताचे दाणे किंवा गोळ्या दिसत असतील तर वेचून काढा. खालची भोकं काडीनं मोकळी करा. मग थोडं पाणी घालून अर्धा तास थांबा. वाळलेले क्षार लगेच विरघळत नाहीत आणि थेट भरपूर पाणी ओतलं तर ते त्यांना बगल देऊन निघून जातं.

आता कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी. १५ लिटरची कुंडी असेल तर ३० लिटर. एकदम नाही, दोन-तीन लिटरच्या हप्त्यांनी, प्रत्येक वेळी पूर्ण निथळू देऊन. बाहेर आलेलं पाणी पुन्हा झाडाला लागू देऊ नका. पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातून आलेलं पाणी यासाठी वापरू नका, त्यात सोडियम असतं. पावसाचं साठवलेलं पाणी मिळालं तर फारच उत्तम.

माझ्याकडे पहिल्या हप्त्याला ३,४०० होतं, १० लिटर गेल्यावर १,९०० आणि ३० लिटर संपले तेव्हा ६००. पाण्याचा रंगही चहावरून फिक्या गवती रंगावर आला. मीटर नसेल तर या रंगाकडे आणि फेसाकडे लक्ष ठेवा, पण रंग हा क्षारांचा पक्का पुरावा नाही. कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि शेणखत दोन्ही क्षार नसतानाही रंग सोडतात.

ओतलेलं पाणी वरच साचून राहतंय, दहा मिनिटांतही खाली उतरत नाही, असं झालं तर थांबा. अशा कुंडीत धुणं म्हणजे मुळं बुडवणं. तिथे माती बदलण्याला पर्याय नाही, आणि ते पुढे सांगते.

धुतल्यावर झाड आठवडाभर कडक उन्हातून बाजूला ठेवा. मुळांची टोकं मेलेली असतात, त्यांना नवी फुटायला वेळ लागतो, तोवर झाडाकडून जास्त पाणी उडवून घेऊ नका. वरचा थर सुकल्याशिवाय पुन्हा पाणी नको. पानांवर खत फवारू नका. छाटणीचीही घाई नको, अर्धं हिरवं पानही झाडाला अन्न करून देतं. तपकिरी टोकं डोळ्यांना खुपत असतील तर ती कात्रीनं कापा, पण हिरव्या भागात न शिरता तपकिरीची बारीक किनार ठेवून. हिरवं कापलं तर तिथून पुन्हा सुकत जातं.

करपलेला भाग परत हिरवा होणार नाही. लक्ष ठेवायचं ते यापुढे फुटणाऱ्या पानांवर.

परत परत का होतं: मातीचा दोष

इथपर्यंत केलं तर या वेळचं संकट टळतं. पण कुंडीतलं मिश्रणच चुकीचं असेल तर चार महिन्यांत पुन्हा तेच होणार. माझ्या मते नव्वद टक्के लक्ष खतावर आणि दहा टक्के मातीवर ही आपली वाटणी उलटी आहे.

शेतकऱ्यांचा एक नेमका शब्द आहे, वाफसा. मातीत ओल आहे आणि हवाही आहे, अशी अवस्था. कुंडीतल्या मिश्रणाकडून एवढंच हवं असतं, की पाणी घातल्यावर काही वेळात ते वाफशावर यावं. अन्न नंतर वरून देता येतं, हवा वरून देता येत नाही.

अंगणातली माती कुंडीत भरली की हे बिघडतं. जमिनीत तिच्याखाली मीटरभर माती असते आणि ती पाणी खाली ओढते. कुंडीत तळ येतो आणि ओढ संपते. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर भांडी घासायचा आयताकृती स्पंज घ्या, पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. ठिबकणं थांबेपर्यंत थांबा. मग तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी ठिबकायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. कुंडीच्या तळाशी पाण्यानं गच्च भरलेला एक थर असाच राहतो आणि त्याची जाडी मिश्रणाच्या दाण्यावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. बारीक, चिकण माती असेल तर तो थर जाड, भरड मिश्रण असेल तर पातळ. उथळ कुंडीत तोच थर निम्मी कुंडी व्यापतो, म्हणून उथळ कुंडीला मिश्रण अधिक भरड लागतं.

तळाला खडी किंवा फुटक्या कुंडीचे तुकडे घालण्याची सवय आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. त्यानं निचरा सुधारत नाही. पाणी बारीक मातीतून भरड खडीत सहज उतरत नाही, त्यामुळे तो गच्च थर खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ सरकतो. भोकातून माती वाहू नये म्हणून जाळीचा एक तुकडा पुरे.

मिश्रणात हवा किती आहे हे मोजता येतं. कुंडीची भोकं चिकटपट्टीनं बंद करा आणि काठोकाठ भरायला किती पाणी लागतं ते मोजून ठेवा. मग ती रिकामी करून मिश्रणानं भरा, वर पाणी दिसेपर्यंत हळूहळू भिजवा, काही तास तसंच ठेवा आणि पाणी खाली बसलं तर पुन्हा काठाला आणा. आता खाली ताटली ठेवून चिकटपट्टी काढा आणि निथळलेलं पाणी मोजा. १० लिटरच्या कुंडीतून एक ते दोन लिटर निघालं तर हवा १० ते २० टक्के आहे, म्हणजे ठीक. अर्ध्या लिटरवरच थांबलं तर त्यात भरड घटक वाढवा.

पिशवीवर काय बघायचं

तयार मिश्रणाची पिशवी घेताना आपण पुढची बाजू वाचतो. महत्त्वाची ओळ मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते. आत खत आधीच घातलेलं आहे का, आणि असेल तर किती महिन्यांचं? माझ्या जास्वंदीच्या पिशवीवर सहा महिन्यांचं खत असल्याचं लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलंच नव्हतं. त्यात मी लावतानाच दोन ओंजळी गांडूळखत मिसळलं आणि तिसऱ्या आठवड्यापासून विद्राव्य खत सुरू केलं. तीन वाटांनी एकाच वेळी खत जात होतं.

हळू विरघळणाऱ्या खताच्या त्या गोल, मण्यांसारख्या गोळ्यांचा कालावधी बहुधा २१ अंश सेल्सिअस तापमान धरून दिलेला असतो. उन्हात तापणाऱ्या कुंडीत त्या बऱ्याच लवकर रिकाम्या होतात, म्हणजे सहा महिन्यांचा वाटा तीन-चार महिन्यांत मुळांवर येतो. ओलसर मिश्रणाची पिशवी उन्हात किंवा गरम खोलीत महिनोन्‌महिने पडून राहिली तर त्या गोळ्या पिशवीतच विरघळू लागतात आणि पहिल्याच दिवशी झाडाला खारं मिश्रण मिळतं. म्हणून जुनी, फुगलेली, आत पाणी सुटलेली पिशवी टाळा.

पिशवी उघडल्यावर वास घ्या. पावसानंतरच्या रानासारखा वास हवा. अमोनियाचा उग्र वास किंवा आंबूस, कुजका वास आला तर आतलं खत अजून कच्चं आहे. मूठभर ओलं मिश्रण दाबून बघा. मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि बोट लावताच सुटला तर छान. लाडवासारखा घट्ट बसला तर चिकण भाग जास्त आहे.

कोकोपीटचा फसवा मुद्दा

कोकोपीटबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण त्यामुळे होणारं नुकसान हुबेहूब खतानं करपल्यासारखं दिसतं. नारळाच्या सोडणात मुळातच पोटॅशियम आणि सोडियम भरपूर असतं, आणि सोडणं खाऱ्या पाण्यात भिजवली गेली असतील तर आणखी. ठोकळा नुसता भिजवून वापरला तर ते सगळं मुळांशी येतं. म्हणून तो भिजवायचा, पूर्ण निथळायचा, पुन्हा भिजवायचा, आणि निथळलेल्या पाण्याचं टीडीएस घातलेल्या पाण्याच्या जवळपास येईपर्यंत हे करत राहायचं. मला साधारण चार वेळा करावं लागतं.

धुऊनही एक गोष्ट राहते. कोकोपीटच्या कणांना चिकटलेलं पोटॅशियम आणि सोडियम नुसत्या पाण्यानं सुटत नाही. झाडाला कॅल्शियम-मॅग्नेशियम दिलं की कोकोपीट ते स्वतः धरून ठेवतं आणि बदल्यात पोटॅशियम-सोडियम सोडतं. परिणामी कोवळ्या पानांच्या कडा मरतात, आपण त्याला खताचा अतिरेक समजून खत बंद करतो, आणि कॅल्शियमची उणीव आणखी वाढते. ओळखायची खूण अशी: करपणं सगळ्यांत कोवळ्या पानांवर, पानं वेडीवाकडी फुटलेली, आणि खालच्या पाण्याचा ईसी कमी. यावर उपाय म्हणजे लावण्याआधीच धुतलेलं कोकोपीट कॅल्शियम नायट्रेटच्या सौम्य द्रावणात रात्रभर भिजवून पुन्हा साध्या पाण्यानं धुणं. असं आधीच करून विकलेलं कोकोपीटही मिळतं.

सेंद्रिय खतही जाळतं

शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड, मोहरीची पेंड यांनी झाड जळत नाही असा समज फार पसरलेला आहे, आणि त्यापायी मी चांगली झाडं गेलेली पाहिली आहेत. मुळाला क्षार कुठून आला हे कळत नाही. गांडूळखतातही क्षार असतात, कच्च्या शेणखतातून अमोनिया सुटतो, आणि पेंड कुजताना उष्णता आणि अमोनिया दोन्ही निर्माण करते. गांडूळखत मिश्रणाच्या एक चतुर्थांशाहून जास्त नको, रोपांसाठी तर दहावा भाग पुरे. पेंड मुळांजवळ खड्डा करून घालू नका, मिश्रणात विखरून, लावणीच्या तीन-चार आठवडे आधी ओलसर मुरू द्या.

खत कुजलंय की नाही याची शंका असेल तर दोन सोप्या चाचण्या आहेत. ते ओलसर करून हवाबंद पिशवीत तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस किंवा अमोनियाचा वास आला किंवा पिशवी फुगली, तर कच्चं. दुसरी चाचणी मुळ्याच्या बियांची. वीस बिया तुमच्या मिश्रणात आणि वीस धुतलेल्या कोकोपीटमध्ये पेरा. आठवड्याभरात दोन्हींकडची उगवण आणि मुळांची टोकं बघा. तुमच्या मिश्रणातली कमी उगवली किंवा मुळांची टोकं तपकिरी, आखूड राहिली तर ते मिश्रण आणखी महिनाभर मुरवा.

१९३० च्या दशकात इंग्लंडमधल्या जॉन इन्स संस्थेत लॉरेन्स आणि न्यूएल यांनी कुंड्यांसाठी प्रमाणित मिश्रण ठरवलं, ७ भाग माती, ३ भाग पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ), २ भाग वाळू. त्याचे क्रमांक १, २ आणि ३ असे प्रकार झाले. तिन्हींचं मूळ मिश्रण एकच, फरक खताचा. दोनमध्ये एकच्या दुप्पट, तीनमध्ये तिप्पट. लहान रोप एकमध्ये आणि मोठं, खादाड झाड तीनमध्ये. हा विचार मला फार पटतो. आपण बहुतेकदा उलट करतो, इवल्याशा रोपाला सर्वांत श्रीमंत माती देतो.

माझं सध्याचं मिश्रण, बहुतेक फुलझाडांसाठी, मापानं असं: चार भाग धुतलेलं कोकोपीट, दोन भाग परलाइट (हलके, पांढरे भरड दाणे) किंवा धुतलेली जाड वाळू, एक भाग चांगली पोयट्याची माती, एक भाग गांडूळखत. निवडुंग आणि मांसल पानांच्या झाडांना निम्म्याहून जास्त भरड घटक आणि गांडूळखत नाममात्र. बिया पेरायला गांडूळखत अजिबात नाही, बीमध्ये पहिल्या दिवसांचं अन्न असतंच. मिश्रणाचा पीएच ५.५ ते ६.५ च्या दरम्यान असावा. तो सातच्या वर गेला की लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही, पानं पिवळी पडतात आणि आपण पुन्हा खताकडे वळतो.

खताचं गणित एकदा करून ठेवा

१९:१९:१९ या विद्राव्य खतात १९ टक्के नत्र असतं. एक लिटरमध्ये एक ग्रॅम घातलं तर १९० पीपीएम नत्र होतं. कुंडीतल्या बहुतेक झाडांना वाढीच्या काळात ५० ते १०० पीपीएम नियमितपणे पुरतं, म्हणजे लिटरला पाव ते अर्धा ग्रॅम. एक सपाट चहाचा चमचा साधारण पाच ग्रॅम धरतो. तो एका लिटरमध्ये गेला तर ९५० पीपीएम. जास्वंदीला मी हेच देत होते, दर पंधरा दिवसांनी. छोटा वजनकाटा घ्या, चमचा वापरू नका.

खतं सारखीच खारी नसतात. सोडियम नायट्रेटला १०० धरून जो क्षारनिर्देशांक काढतात त्यात म्युरेट ऑफ पोटॅश ११६ च्या आसपास येतं आणि सल्फेट ऑफ पोटॅश ४६ च्या. दोन्ही पालाशाची खतं, पण कुंडीसाठी पालाश द्यायचाच तर सल्फेट घ्या.

पाण्याचाही हिशेब धरा. ५०० टीडीएसचं पाणी रोज एक लिटर घातलं आणि खालून थेंबही बाहेर आला नाही, तर रोज अर्धा ग्रॅम आणि महिन्याला १५ ग्रॅम क्षार कुंडीत येतात, खताशिवाय. त्यातलं थोडं झाड उचलतं, बाकी साचतं. म्हणून प्रत्येक वेळी घातलेल्या पाण्याचा दहावा ते पाचवा भाग खालून बाहेर आला पाहिजे, आणि ताटलीत साचलेलं ओतून दिलं पाहिजे, नाहीतर सुकताना कुंडी ते परत शोषून घेते. खालून पाणी शोषणाऱ्या कुंड्यांत क्षार वर चढून बसतात. त्यांना महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी द्या. बाकी कुंड्या चार ते सहा महिन्यांतून एकदा धुऊन काढा.

कोरड्या कुंडीत खताचं पाणी कधीच नको. आधी साधं पाणी, मग खत. उजेड कमी असलेल्या किंवा थंडीच्या दिवसांत झाड थांबलेलं असतं, तेव्हा खतही थांबवा. नुकतंच कुंडी बदललेल्या झाडाला तीन-चार आठवडे काही देऊ नका.

टोमॅटो लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. फळाचा खालचा भाग काळा, चामड्यासारखा होतो ती कॅल्शियमची उणीव असते, पण बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं, क्षार वाढल्यामुळे किंवा पाण्याच्या अनियमितपणामुळे ते फळापर्यंत पोहोचत नाही. तिथेही आधी ईसी मोजा.

पुन्हा खत कधी सुरू करायचं

धुतल्यावर तीन ते चार आठवडे काही नाही. त्यानंतर पुन्हा तसंच ५० मिली पाणी ढकलून काढा. ईसी १ च्या खाली असेल आणि नवी पानं टोकापर्यंत स्वच्छ असतील तर लिटरला पाव ग्रॅमपासून सुरुवात करा. दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. बाहेर येणाऱ्या पाण्याचा ईसी प्रत्येक मोजणीत चढत असेल तर मात्रा निम्मी करा किंवा निथळणारं पाणी वाढवा. उतरत असेल तर झाड खातंय, अर्ध्या ग्रॅमपर्यंत जा.

माझ्या जास्वंदीला धुतल्यानंतर पहिली दोन पानं टोकाला जराशी तपकिरी आलीच, ती आधीच कळीत तयार झालेली होती. तिसरं पान सहाव्या आठवड्यात उघडलं आणि त्याची दातेरी कड शेवटच्या दातापर्यंत हिरवी होती. त्याच दिवशी पहिलं पाव ग्रॅम दिलं.